विश्वचषकात एक मिनिटही न खेळलेला राजा

जपानच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडून सर्वांत जास्त सामने खेळला यासुहितो एंदो, १५२. सर्वांत जास्त गोल कुनिशिगे कामामोतोचे, ७५. केइसुके होंडाने २०१०, २०१४ आणि २०१८ अशा तीन विश्वचषकांत गोल केले. यासुहिको ओकुदेराने तर १९७८ मध्येच जर्मनीत कोल्न क्लबबरोबर लीग आणि कप दोन्ही जिंकले होते. तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉलची लीगच नव्हती.

तरीही जपानमध्ये ‘किंग’ म्हटलं की यांच्यापैकी कोणीच आठवत नाही. आठवतो तो काझुयोशी मिउरा. पाठीवर ११ नंबर, गोल झाल्यावरचा तो प्रसिद्ध नाच, आणि विश्वचषकाच्या खात्यात शून्य सामने. जन्म २६ फेब्रुवारी १९६७ चा. २०२५ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही हा माणूस क्लब फुटबॉल खेळत होता. लोक त्याला नुसतं ‘काझु’ म्हणतात, आडनाव लागतच नाही.

एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा जास्त लोकप्रिय का होतो, हे समजून घ्यायला काझुइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. कारण त्याच्या बाबतीत ‘चांगला खेळला म्हणून लोकप्रिय झाला’ हे सोपं उत्तर अर्ध्या रस्त्यातच थांबतं.

आधी ‘लोकप्रिय’ या शब्दाकडे बघू. आपण तो उंची-वजनासारखा वापरतो, जणू प्रत्येक खेळाडूकडे त्याचा ठरावीक साठा असतो. पण लोकप्रियता नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. संघातल्या इतरांच्या तुलनेत, स्वतःच्याच कामगिरीच्या तुलनेत, दुसऱ्या खेळातल्या ताऱ्यांच्या तुलनेत. शिवाय गाव बदललं की ती बदलते आणि वीस वर्षं गेली की पुन्हा बदलते. मोजायची मापंही वेगवेगळी आहेत. टीव्हीवर सामना किती घरांत लागला, शर्ट किती खपले, जाहिराती किती मिळाल्या, तिकिटासाठी रांग किती लांब होती, इन्स्टाग्रामवर किती लोक मागे आहेत. ही सगळी मापं एकाच गोष्टीची आहेत असं वाटतं, पण तसं नसतं. शर्ट विकत घेणारा पोरगा आणि वीस वर्षांनी त्या खेळाडूचं नाव काढताच गप्प होणारा माणूस, हे दोघे वेगळ्याच गोष्टी सांगत असतात.

एंदोचंच बघा. १५२ सामने, त्याशिवाय जपानच्या अव्वल लीगमध्ये ६७२ सामने, २००९ चा आशियातला सर्वोत्तम खेळाडू. पेनल्टी अशी घ्यायचा की चेंडू हळूच घरंगळत जाळ्यात जायचा आणि गोलरक्षक भलतीकडे पडलेला असायचा. जपानी लोकांनी त्या पेनल्टीला ‘कोरो-कोरो’ असं नाव दिलं, म्हणजे गडगडत जाणारी. फुटबॉल समजणाऱ्या माणसाला एंदो अत्यंत प्रिय आहे. पण तो कधी युरोपात खेळला नाही, त्याने कुठलं नाट्य घडवलं नाही, त्याच्या आयुष्यात मोठा घाव नाही. त्यामुळे फुटबॉल न बघणाऱ्यांपर्यंत त्याचं नाव त्या ताकदीने पोचलंच नाही. काझुचं पोचलं, ते कसं पोचलं ते बघू.

पंधराव्या वर्षीचा ब्राझील

काझु शिझुओकाचा. टोकियोच्या नैर्ऋत्येचा हा प्रांत जपानमध्ये फुटबॉलचं माहेरघर समजला जातो. १९८२ मध्ये, पंधराव्या वर्षी, शाळा सोडून तो एकटा ब्राझीलला गेला. साओ पावलोच्या जुव्हेन्तुस क्लबच्या मुलांच्या संघात राहिला आणि १९८६ मध्ये सांतोसशी करार केला. सांतोस म्हणजे पेलेचा क्लब. तिथे त्याला लगेच जागा मिळाली नाही. मग तो लहानमोठ्या क्लबांतून फिरला, कोरितीबाकडून खेळला, आणि पुन्हा सांतोसला येऊन नियमित खेळू लागला.

हे किती विलक्षण होतं, हे आज कळणं अवघड आहे. तेव्हाचं जपानी फुटबॉल कंपन्यांचं होतं. निस्सान, मित्सुबिशी, फुरुकावा, योमिउरी अशी संघांची नावं असत. बरेचसे खेळाडू त्या कंपन्यांचे नोकरदार असत, दिवसा काम आणि संध्याकाळी सराव. स्टेडियम रिकामी. देशाचा खेळ बेसबॉल. शाळकरी मुलांची कोशिएन बेसबॉल स्पर्धा १९१५ पासून चालू आहे आणि अख्खा देश ती बघतो. फुटबॉलला असलं काहीच नव्हतं.

१९९० मध्ये काझु परतला, योमिउरी क्लबकडे. इथे नशिबाने, किंवा त्याच्या अचूक अंदाजाने, वेळ जुळून आली. जपानमध्ये व्यावसायिक लीग उभारायचं ठरत होतं. १५ मे १९९३ ला टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर जे-लीगचा पहिला सामना झाला, वेर्दी कावासाकी विरुद्ध योकोहामा मारिनोस. वेर्दी म्हणजे काझुच्या योमिउरी क्लबचंच नवं नाव. ५९ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. वेर्दी २-१ ने हरला, पण पहिली दोन विजेतेपदं त्यानेच जिंकली आणि पहिल्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू काझु ठरला. पुरस्कार घ्यायला तो लालभडक सूट घालून आला. गडद निळ्या सुटांच्या देशात.

लोकप्रियतेची पहिली किल्ली इथे सापडते. नवी गोष्ट सुरू होते तेव्हा लोकांना तिचा चेहरा हवा असतो. लीगचे नियम, दहा क्लबांची नावं, ऑफसाइड म्हणजे काय, हे सगळं शिकायला वेळ लागतो. पण एक माणूस पटकन ओळखीचा होतो. त्यात वेर्दी क्लब योमिउरी समूहाच्या मालकीचा, आणि त्या समूहाकडे देशातलं सर्वांत जास्त खपाचं दैनिक. म्हणजे चेहराही होता आणि तो घरोघर पोचवणारी यंत्रणाही होती. ब्राझीलचा झिको काशिमा क्लबला आला होता, इंग्लंडचा लिनेकर नागोयाला. दोघेही काझुपेक्षा जगात कितीतरी मोठे. पण ते पाहुणे. आपल्या मातीतला, ब्राझीलमध्ये शिकून आलेला, पायांची कात्री करत बचावपटूला गंडवणारा पोरगा तो एकच होता.

अर्थात नुसत्या वेळेवर इतकं जमत नाही, खेळही लागतो. १९९२ मध्ये हिरोशिमाला आशिया चषक झाला. इराणविरुद्ध जिंकल्याशिवाय उपांत्य फेरी नाही अशी अवस्था, आणि शेवटच्या काही मिनिटांत काझुने गोल केला. सामन्यानंतर तो म्हणाला, पायात आत्मा ओतून मारला. जपानने पहिल्यांदाच आशिया चषक जिंकला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू काझु ठरला. हे ‘आत्मा’ वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

दोहा

२८ ऑक्टोबर १९९३. कतारमधलं दोहा. इराकविरुद्ध जिंकलं की जपान इतिहासात पहिल्यांदा विश्वचषकाला जाणार होता. पाचव्याच मिनिटाला काझुने गोल केला. इराकने बरोबरी केली, मग मासाशी नाकायामाने जपानला पुन्हा पुढे नेलं. ९० मिनिटं संपली, २-१. वाढीव वेळेत इराकला एक कॉर्नर मिळाला. तो त्यांनी थेट न मारता छोटा पास करून घेतला, चेंडू उंचावर आला, डोकं लागलं, आणि जाळ्यात. २-२. विश्वचषकाला दक्षिण कोरिया गेला.

रात्री उशिराचा सामना असूनही जपानमध्ये तो ४८.१ टक्के घरांत चालू होता. म्हणजे निम्म्या देशाने ते दुःख एकाच क्षणी, एकत्र भोगलं. जपानीत त्याला ‘दोहा नो हिगेकी’ म्हणतात, दोह्याची शोकांतिका. माझं मत असं की जपानी फुटबॉलप्रेमाचा पाया जे-लीगच्या पहिल्या रात्रीपेक्षा या रात्री जास्त पक्का झाला. एकत्र जिंकलेले लोक दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. एकत्र हरलेले लोक ते वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत राहतात. बाकाजवळ, मैदानावर कोसळून बसलेल्या त्या खेळाडूंची चित्रं अजून दाखवतात, आणि त्यांत काझु आहे.

पुढच्या वर्षी तो इटलीत जेनोआकडे गेला. सेरी आ, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये खेळलेला तो पहिला जपानी. पहिल्याच सामन्यात मिलानच्या फ्रान्को बारेसीशी टक्कर होऊन नाक फुटलं. हंगामात एकच गोल झाला, तोही सांपदोरियाविरुद्धच्या शहरी डर्बीत. आकड्यांत बघितलं तर हा प्रवास फसला. तिथे काही लोक म्हणायचे की हा जपानी प्रायोजकांसाठी आणलेला खेळाडू आहे, आणि त्या वर्षी जेनोआच्या शर्टावर केनवुड या जपानी कंपनीचं नाव होतं, हेही खरं. पण जपानमध्ये या हंगामाचा अर्थ वेगळा लागला, दार उघडलं असा. १९९५ मध्ये तो परत आला, १९९६ च्या हंगामात त्याने २३ गोल केले आणि लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला.

राजा बदलला तो सामना

यानंतरचा भाग बहुतेक लेखांत घाईने उरकतात, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९९७ च्या शरद ऋतूत काझु लोकप्रिय नव्हता. निदान तेव्हा तरी नाही.

१९९८ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी चालू होती. पहिल्याच सामन्यात काझुने उझबेकिस्तानविरुद्ध चार गोल मारले, जपान ६-३ ने जिंकला. मग त्याचे गोल आटले. संघ बरोबरीत अडकत गेला, मध्येच प्रशिक्षक बदलला. टोकियोत संयुक्त अरब अमिरातीशी १-१ बरोबरी झाल्यावर चिडलेल्या प्रेक्षकांनी खेळाडूंच्या बसवर वस्तू फेकल्या. त्या रागाचा रोख बराचसा काझुवर होता, आणि तोही भडकला होता.

१६ नोव्हेंबर १९९७, मलेशियातलं जोहोर बाहरू, इराणविरुद्ध निर्णायक सामना. उत्तरार्धात नवा प्रशिक्षक ताकेशी ओकादाने बाहेर बोलावण्यासाठी ११ नंबर दाखवला. काझुने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. मी? तो क्षण जपानी चाहत्यांना पाठ आहे. तो बाहेर गेला, आणि उरलेला सामना वीस वर्षांच्या हिदेतोशी नाकाताने हातात घेतला. त्या सामन्यातल्या जपानच्या तिन्ही गोलांमागे तोच होता. जादा वेळेत नाकाताचा फटका गोलरक्षकाच्या हातून सुटला, मासायुकी ओकानोने तो जाळ्यात लोटला, ३-२. जपान पहिल्यांदा विश्वचषकाला. एकाच संध्याकाळी एक राजा बाकावर बसला होता आणि दुसरा मैदानात उभा होता.

मग २ जून १९९८. स्वित्झर्लंडमधल्या नियों गावी सराव शिबिर चालू होतं. २५ खेळाडूंमधून २२ निवडायचे होते. ओकादाने तीन नावं वगळली, त्यांत एक होतं काझुचं. ज्या स्पर्धेसाठी पंधराव्या वर्षी घर सोडलं, तिच्या उंबरठ्यावरून, स्पर्धेला काही दिवस उरले असताना, त्याला परत पाठवलं. केस उजळ रंगवून तो जपानला परतला. पत्रकारांसमोर रडला नाही, कोणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाला की जपानचा खेळाडू म्हणून असलेला अभिमान आणि आत्मा मी तिकडेच ठेवून आलो आहे. १९९२ मध्ये पायात ओतलेला तो आत्मा.

खेळाच्या हिशेबाने ओकादा चुकला का? माझ्या मते नाही. एकतीस वर्षांचा, लय हरवलेला आघाडीपटू घरी ठेवणं हा समजण्यासारखा निर्णय होता. जपान तिन्ही सामने हरला, पण काझु असता तर जिंकला असता असं प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. आणि लोकप्रियतेचं कोडं इथेच उलगडतं. समजा ओकादाने त्याला नेलं असतं. अर्जेंटिनाविरुद्ध तो वीस मिनिटं खेळला असता, एक फटका बाहेर मारला असता आणि घरी आला असता. मग आज तो एक थोर माजी खेळाडू असता, इतकंच. त्याचं जे हुकलं, त्याने त्याला लोकांचा केलं.

जपानी भाषेत या भावनेला जुना शब्द आहे, ‘होगान-बिइकी’. बाराव्या शतकात मिनामोतो नो योशित्सुने नावाचा सेनानी होता. त्याने मोठ्या लढाया जिंकून दिल्या आणि शेवटी सख्ख्या नाही, पण वडिलांच्या नात्याने थोरल्या असलेल्या भावाने, योरितोमोने, त्याचा पाठलाग केला. ११८९ मध्ये योशित्सुनेचा शेवट झाला. सत्ता योरितोमोला मिळाली आणि प्रेम योशित्सुनेला. ‘होगान’ हे योशित्सुनेचं पद, ‘बिइकी’ म्हणजे कोणाची तरी बाजू घेणं. ज्याच्यावर अन्याय झाला, जो सन्मानाने हरला, त्याच्याकडे मन ओढलं जाणं. कर्णाचं नाव निघालं की आपल्याकडे आवाज जसा बदलतो, तसं काहीसं. काझुच्या बाबतीत ही आठशे वर्षं जुनी सवय जागी झाली. वर्षभरापूर्वी त्याच्यावर चिडलेले लोकच त्याच्या बाजूने उभे राहिले.

नाकाता: मोठा, पण दूरचा

मग नाकाताचं काय? फुटबॉलच्या कोणत्याही मापाने तो काझुपेक्षा मोठा आहे. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये इटलीतल्या पेरुजा क्लबकडून पहिल्याच सामन्यात त्याने जुव्हेंतुसविरुद्ध दोन गोल केले. १९९७ आणि १९९८ चा आशियातला सर्वोत्तम खेळाडू तोच. २००१ मध्ये त्याच्या नव्या क्लबने, रोमाने, इटलीची लीग जिंकली. त्या हंगामात तुरीनला जुव्हेंतुसविरुद्ध रोमा ०-२ ने मागे होती. नाकाता तोत्तीच्या जागी उतरला, लांबून एक जबरदस्त गोल मारला, आणि शेवटी त्याच्याच फटक्यावरून मोंतेलाने बरोबरी साधली. ते विजेतेपद त्या दिवशी वाचलं, असं रोमाचे चाहते आजही मानतात. युरोपात विचारा, जुन्या पिढीतला जपानी खेळाडू म्हणून नाव निघेल ते नाकाताचं, काझुचं नाही.

जपानमध्ये मात्र नाकाताबद्दल आदर आहे, कौतुक आहे, आणि त्यात एक अंतर आहे. बातमीदारांशी त्याचं जमलं नाही. जे सांगायचं ते तो स्वतःच्या संकेतस्थळावरून सांगायचा, आणि तेही आजच्यासारखे फोन हातात नसताना. २००६ च्या विश्वचषकात डॉर्टमुंडला ब्राझीलने जपानला ४-१ ने हरवलं, तेव्हा तो मधल्या वर्तुळात कितीतरी वेळ पाठीवर पडून राहिला. काही दिवसांनी, ३ जुलैला, त्याच संकेतस्थळावर निवृत्ती जाहीर केली. वय २९.

दोघांची तुलना केली की एक गोष्ट लख्ख दिसते. नाकाताने लोकांना जे दिलं ते बघण्यासारखं होतं, आणि मग तो निघून गेला. काझु गेलाच नाही. नाकाता त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, आणि नाकाता निवृत्त झाला त्यानंतर दोन दशकं होत आली तरी काझु बूट बांधत होता. वर्षातून एकदा तरी बातम्यांत तो दिसतोच, त्यामुळे तो आठवणीत जमा होत नाही. त्याच्याबरोबर मोठ्या झालेल्या माणसाला तो अजून खेळतोय याचा अर्थ आपलंही काही संपलेलं नाही असा लागतो. हा भाग आकडेवारीत कुठेच येत नाही.

मैदान बदललं की भाव बदलतो

तौलनिक लोकप्रियतेचं दुसरं अंग म्हणजे शेजारी कोण उभं आहे. शिंजी ओकाझाकी २०१६ मध्ये लेस्टरबरोबर इंग्लंडची लीग जिंकला. न्यूकासलविरुद्ध त्याने मारलेल्या ओव्हरहेड किकवर तो सामना १-० ने जिंकला गेला. जपानसाठी ५० गोल. पण शेजारी व्हार्डी, माहरेझ, कान्ते. जगाने त्या तिघांना डोक्यावर घेतलं. ओकाझाकी पहिल्या मिनिटापासून बचावपटूंच्या अंगावर धावून जायचा आणि मग बहुतेक वेळा पाऊण सामन्यानंतर बाहेर यायचा. त्या कष्टाची किंमत संघातल्या सोबत्यांना माहीत होती. टीव्हीवर ती दिसत नाही.

शिंजी कागावाची गोष्ट उलटी. ओसाकाच्या सेरेझो क्लबकडून जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने त्याला अवघ्या साडेतीन लाख युरोंत घेतलं, त्याने दोन विजेतेपदं मिळवून दिली, आणि त्या शहरात तो अजून लाडका आहे. होंडा रिओला बोताफोगो क्लबकडे गेला तेव्हा विमानतळावर त्याच्या स्वागताला झुंबड उडाली होती, तो तिथे एक मिनिटही खेळला नव्हता तरी.

पुण्यात याचं एक छोटं, हृद्य उदाहरण होतं. इझुमी अराता. जन्म जपानच्या यामागुची प्रांतातला, आई जपानी, वडील भारतीय. भारतात आल्यावर मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून आणि २००९ पासून पुणे एफसीकडून तो खेळला. भारतासाठी खेळायचं तर दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं, आणि २०१३ मध्ये भारताचा शर्ट घातला. जपानमध्ये त्याचं नाव क्वचितच कोणाला माहीत असेल. बालेवाडीला पुणे एफसीचे सामने बघणाऱ्या माणसाला विचारा, मधल्या फळीतली त्याची धाव तो हातवारे करून दाखवेल. टोकियोचा शून्य आणि बालेवाडीचा हात दोन्ही खरे आहेत.

आणि वर सगळ्यांवर बेसबॉलची सावली आहेच. शोहेई ओहतानी आज जपानमध्ये ज्या उंचीवर आहे, तिथे एकही फुटबॉलपटू नाही. पण फुटबॉलचं एक वैशिष्ट्य आहे. विश्वचषकाच्या महिन्यात ते सगळ्यांना ओलांडून जातं. १९९८ चा क्रोएशियाविरुद्धचा सामना ६०.९ टक्के आणि २००२ चा रशियाविरुद्धचा ६६.१ टक्के घरांत लागला होता. म्हणजे जपानी फुटबॉलपटूची लोकप्रियता चार वर्षांनी येणाऱ्या भरतीवर चालते, आणि भरतीच्या वेळी जो मैदानात असतो त्याचं नाव होतं.

२०२२ मध्ये ती भरती काओरु मितोमाच्या वाट्याला आली. स्पेनविरुद्ध चेंडू रेषेबाहेर जवळजवळ गेलेला, मितोमाने पाय लांबवून तो आत ओढला, आओ तानाकाने गोल केला. चेंडूचा जेमतेम दोन मिलिमीटरचा भाग रेषेवर होता, आणि त्या दोन मिलिमीटरने मितोमा घरोघरी पोचला. त्सुकुबा विद्यापीठात त्याने ड्रिब्लिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी ठेवत पुढे नेण्यावर, प्रबंध लिहिला होता, खेळाडूंच्या डोक्यावर कॅमेरे बांधून ते कुठे बघतात हे तपासलं होतं, हेही लोकांना तेव्हाच कळलं. ताकेफुसा कुबोचं वेगळंच. लहानपणी बार्सिलोनाच्या अकादमीत होता म्हणून काही करण्याआधीच तो प्रसिद्ध होता, आणि ते ओझं उतरवायला त्याला रेआल सोसिएदादमधली काही वर्षं लागली.

त्या स्पेनच्या सामन्यातला जपानचा प्रशिक्षक हाजिमे मोरियासु. १९९३ च्या दोह्यात काझुबरोबर तो मैदानावर होता. २०२२ चा विश्वचषक त्याच कतारमध्ये. शेवटच्या मिनिटांत त्याला तो जुना सामना आठवला, असं त्याने नंतर सांगितलं. या वेळी त्याच्या पोरांनी मागे बसून वाट न बघता पुढे जाऊन चेंडू हिसकावला, आणि २-१ टिकलं.

पन्नाशीनंतर

काझुच्या शेवटच्या पर्वावर टीकाही झाली आहे, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. २००५ पासून तो योकोहामा एफसीमध्ये होता. १२ मार्च २०१७ ला, पन्नास वर्षं आणि चौदा दिवसांचा असताना, दुसऱ्या श्रेणीत गुनमाविरुद्ध त्याने गोल केला आणि नाचला. आठवडाभर आधीच त्याने इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला वयात मागे टाकलं होतं. मॅथ्यूज १९६५ मध्ये पन्नास वर्षं पाच दिवसांचा असताना खेळला होता. पण त्यानंतर काझुला वर्षाला मोजकी मिनिटं मिळू लागली. क्लब त्याचा नवा करार ११ जानेवारीला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी जाहीर करायचा, त्याच्या नंबरावरून. एखाद्या तरुणाची जागा हा अडवतोय, क्लबला फक्त कॅमेरे हवे आहेत, असं म्हणणारे जपानमध्ये आहेत.

टीकेत तथ्य आहे. क्लबला कॅमेरे हवेच होते. पण मला दुसरी बाजू जास्त वजनदार वाटते, कारण काझुने स्वतः आरामाचा रस्ता घेतला नाही. २०२२ मध्ये तो चौथ्या श्रेणीतल्या सुझुका शहराच्या संघात गेला, जिथे त्याचा थोरला भाऊ प्रशिक्षक होता. २०२३ मध्ये पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत ओलिव्हेइरेन्सेकडे गेला. मग पुन्हा सुझुकाला. शोभेसाठी बसायचं असतं तर टोकियोतला एखादा स्टुडिओ पुरेसा होता. एकदा विश्वचषकही खेळला, पण फुटसालचा, म्हणजे छोट्या मैदानावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलचा, २०१२ मध्ये थायलंडला, पंचेचाळीसाव्या वर्षी.

२९ मार्च २०११ ची रात्रही सांगायला हवी. भूकंप आणि त्सुनामीला तीन आठवडेही झाले नव्हते. ओसाकात मदतीसाठी राष्ट्रीय संघ विरुद्ध जे-लीगमधले निवडक खेळाडू असा सामना ठेवला होता. देशात हसावं की नाही हेच लोकांना कळत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचा काझु उत्तरार्धात उतरला, चेंडूवर धावला आणि गोल केला. मग नाचला. त्या दिवसांत नाचण्याची परवानगी देश एकाच माणसाला देऊ शकत होता.

९ ऑक्टोबर २०२२ ला सुझुकाचा एक लीग सामना टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ठेवला होता. १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली त्याच जागी, जुनं पाडून नव्याने बांधलेल्या स्टेडियमवर. चौथ्या श्रेणीचा सामना, एरवी अशा सामन्याला काही शे लोक येतात. त्या दिवशी १६ हजारांहून जास्त आले, त्या लीगच्या इतिहासातली सर्वांत मोठी गर्दी. सुझुकाच्या शर्टावर ११ नंबर होता.